‘बुलंद सात’चे सात खंड कोणाला

मी, शेख ताहेरा शेख कमरोद्दीन, वय एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर (माझ्या सर्व जुन्या कागदांवर औरंगाबाद), माझ्या मागे काय कोणाकडे जावे हे आज स्वखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याची सवय मलाच आहे, हे सदतीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली पोरे सांगतील. मन सावध असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात कानांबद्दल काही लिहिलेले नाही. ते लिहू नका, असे मीच सांगितले.

वकील बद्रीनाथ यांनी नमुना म्हणून दीड पानाचा कागद दिला होता. कोणाला काय द्यायचे ते त्यात बसत होते, का द्यायचे ते बसत नव्हते. म्हणून नमुना परत केला आणि स्वतःच्या हाताने लिहायला घेतले. माझे वडील याला वसियतनामा म्हणाले असते.

कलम १. वारस. मी लग्न केले नाही. दोन स्थळे आली होती. एकाला नोकरी करणारी नको होती आणि दुसऱ्याला फक्त नोकरीच हवी होती. माझा धाकटा भाऊ मोहियोद्दीन नऊ वर्षांपूर्वी अल्लाला प्यारा झाला. त्याचा मुलगा गयास हाच माझा एकटा वारस. आमच्या शरीयतीप्रमाणे मला मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतेच मनासारखे देता येते, बाकीचे वारसाचे. तेव्हा मुकुंदवाडीचे दोन खोल्यांचे घर, पुढची पत्र्याची पडवी आणि बँकेतली ठेव गयासला जाईल. हे मी देते असे कोणी म्हणू नये आणि गयासनेही माझे उपकार मानू नयेत. उपकार मानण्यासारखे पुढे काही आले तर तेव्हा बघावे.

कलम २. गयासला एक ताकीद. पडवीतली मधुमालती तोडून तिथे शटर बसवायचा त्याचा विचार आहे, हे मला माहीत आहे. मी गेल्यावर तोडावी. मी असताना माप घ्यायला माणूस पाठवू नये. मागच्या महिन्यात आलेला माणूस ‘गॅसची तपासणी आहे’ म्हणाला आणि त्याच्या हातात फूटपट्टी होती.

कलम ३. वडिलांची हत्यारे. माझे वडील कमरोद्दीन शहागंजात जिल्दसाज होते. कचेऱ्यांची दप्तरे आणि नोंदवह्या बांधायच्या, पाठीवर सोनेरी अक्षरे उठवायची, हे त्यांचे काम. पोलिस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, ती अक्षरे उर्दू होती. पुढे एकेक कचेरी मराठीवर आली आणि अब्बांना वयाच्या पस्तिशीत देवनागरीचे ठसे घ्यावे लागले. त्यांना अक्षरे जुळवता यायची, वाचता यायची नाहीत. एकदा ‘आवक-जावक’ऐवजी ‘जावक-आवक’ उठवून दिले आणि साहेबाने सगळा गठ्ठा परत पाठवला. त्याच आठवड्यात त्यांनी माझे नाव मराठी शाळेत घातले. मी सहा वर्षांची होते. दुसरीत गेल्यापासून त्यांच्या दुकानातली प्रत्येक पाठ मी वाचून बघत असे आणि मगच तिच्यावर सोने चढत असे. मराठीची बाई मी अशी झाले.

त्यांचा वह्या दाबायचा लाकडी शिकंजा, दाभणे, हाडाची पट्टी, ठशांची पेटी आणि खळ शिजवायचे पितळी पातेले गयासची मुलगी राहत हिला द्यावे. ती हाताने वह्या बांधून विकते आणि चांगल्या बांधते. फक्त खळीत मोरचूद घालायला विसरते, म्हणून तिच्या वह्यांना कसर लागते. हे तिला तोंडावर सांगितले की ती रुसते, म्हणून इथे सांगते.

कलम ४. आता मुख्य मालमत्ता. आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात लाल कापडी बांधणीचे सात जाड खंड आहेत. त्यांच्या पाठीवर अनुक्रमे ‘पशुगणना’, ‘शेतसारा’, ‘देवीची लस’, ‘पाणवठे’, ‘आवक-जावक’, ‘किरकोळ’ आणि ‘हजेरी’ अशी सोनेरी अक्षरे आहेत. आत तसे काहीही नाही. आत ‘बुलंद सात’ या मासिक चित्रकथेचे अंक आहेत, जानेवारी १९७५ पासूनचे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बुलंद सात म्हणजे सात शूरवीरांची टोळी. अंगारच्या हातातून ठिणग्या निघतात. भिरभिर नावाची मुलगी वाऱ्याला मागे टाकते. कर्णिकेला दहा कोसांवरची कुजबुज ऐकू येते, पारा कुठल्याही फटीतून वाहून जातो आणि निद्रा नुसत्या नजरेने माणसे झोपवते. सहावा कातळ. तो अंगाचा दगड करू शकतो, पण त्यामुळे फार सावकाश चालतो. सातवा मास्तर. त्याच्याकडे कसलीच शक्ती नाही, फक्त एक शिट्टी आहे. मला मास्तर आवडतो. त्यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे.

गयास विचारतो, “फुफी, इत्ता क्या है इसमें?” आता त्याच्याकडे मोबाईल आहे आणि त्यात इमारती पाडणारे लोक रंगीत दिसतात. त्याला उत्तर असे. एकट्या शूरवीराच्या चित्रकथाही मी वाचल्या आहेत. तो येतो, मारतो आणि जातो. त्याला कोणी ‘जेवलास का’ विचारत नाही. सातजण असले की अंगार आधी चुकीच्या दारावर लाथ घालतो, भिरभिर त्याला हसते, पारा रुसून नळात जाऊन बसतो, आणि शत्रू येऊन उभा राहिला तरी यांचे भांडण मिटलेले नसते. शेवटी कोणा एकाच्याने काही होत नाही आणि सगळ्यांना एकमेकांकडे बघावे लागते. त्यातही सुटा अंक वाचला तर नुसती मारामारी दिसते. बारा अंक एका दोऱ्यात शिवून सलग वाचले की कोण कोणाशी किती महिने बोलत नव्हते, तेही कळते. म्हणून हा संच फोडू नये. एकही अंक, एकही खंड वेगळा करू नये.

या बाबतीत गयासवर माझा जुना राग आहे. सहा वर्षांपूर्वी मी नाशिकला गेले असताना त्याने घर आवरले आणि ‘शेतसारा’ रद्दीत घातला. त्याला वाटले, खरेच शेतसारा. मी रिक्षा करून शहागंजातल्या रद्दीवाल्याला गाठले, तेव्हा तो माणूस खंड मांडीवर घेऊन वाचत बसला होता. मला म्हणाला, “आपा, ये पारा वापस आता क्या?” मी आधी उत्तर दिले आणि मग खंड घेतला.

कलम ५. श्री. आप्पासाहेब, शिक्षण विस्तार अधिकारी, यांच्याविषयी. ते आता हयात नाहीत. त्यांच्यावरचा दावा मी सोडला आहे, पण दावा काय होता ते नोंदवते.

माझी पहिली नेमणूक कन्नड तालुक्यात, घाटाच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरांच्या एका वाडीवर झाली. एक खोली, एक शिक्षिका, चार इयत्ता. कन्नडहून परत येताना एसटीचे चाक बसले आणि शेजारच्या सीटवर कोणी विसरून गेलेला ‘बुलंद सात’चा तिसरा अंक मी वाचला. चाक बदलून गाडी शहरात पोचली तरी मला खाली उतरायचे नव्हते. दुसऱ्याच दिवशी छापखान्याला पत्र टाकून पहिले दोन अंक मागवले. पुढे दर महिन्याचा अंक मी वाडीवर नेऊ लागले. वाडीची पोरे दिवाळीनंतर मेंढरांमागे जात आणि पटावर फक्त नावे उरत. मी अंकातले संवादाचे फुगे फळ्यावर लिहायला लागले आणि पोरांना पुढे काय झाले ते कळल्याशिवाय राहवेना. आईबाप मेंढरे घेऊन गेले, तर म्हाताऱ्यांजवळ राहून पोरे शाळेत येऊ लागली.

अशात आप्पासाहेब जीपमधून आले. फळ्यावर मी लिहिले होते, ‘धडाम! अंगार, तुझ्यामुळे भिंत पडली.’

“बाई, ही शाळा आहे की तंबूतला सिनेमा?”

“साहेब, ही पोरे महिन्याभरात जोडाक्षरे वाचायला लागली.”

“कुठली जोडाक्षरे?”

“धड्डाम, साहेब,” मागून एक पोरगी म्हणाली.

त्यांनी माझ्याकडचे अकराही अंक जप्त केले आणि शेऱ्यात ‘अनिष्ट वाचन’ असे लिहिले. मी घरी येऊन रडले. अब्बा खळ ढवळत होते. म्हणाले, “रोती कायकू? दुबारा मंगा ले. मैं ऐसा बांध देतौं, सरकारी दफ्तर हैच. सरकारी दफ्तर कोई खोल के देखता क्या?”

अशी ‘पशुगणना’ तयार झाली. पुढच्या तपासणीला साहेबांनी टेबलावरची ती नोंदवही पाहिली आणि भुवया चढवल्या. “पशुगणना शाळेत कशाला?” दारात लोकर कातत बसलेली एक बाई उठून आत आली, नोंदवही उचलून तिने जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसली. “सायेब, शाळंत लेकरं हायेत मूठभर, अन् भाईर मेंढरं हायेत लई. मंग मेंढरं कुटं मोजावी?” साहेबांनी चहा घेतला आणि ते गेले.

ती बाई म्हणजे बानाबाई. तिच्याविषयी पुढचे कलम आहे.

आप्पासाहेब १९९१ साली निवृत्त झाले आणि दुसऱ्या आठवड्यात इथे मुकुंदवाडीला, याच पडवीत, पिशवी घेऊन उभे राहिले. पिशवीत माझे अकरा अंक होते. सोळा वर्षे त्यांनी ते जपून ठेवले होते. परत करताना अवघडून म्हणाले, “बाई, बारावा अंक आहे का? पारा नळातून निघाला की नाही, ते राहूनच गेलं.” मी त्यांना बाहेर नेऊ दिले नाही. म्हटले, इथे बसून वाचा. पुढे सहा वर्षे ते दर गुरुवारी येऊन पडवीत वाचत बसायचे. त्यांनी परत केलेल्या अकरा अंकांत सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या आहेत. मी तपासल्या. एकही दुरुस्ती चुकलेली नाही, याचा मला अजून राग आहे. ते अकरा अंक त्यांच्या आठवणीसाठी माझ्या कपड्यांच्या पेटीत ठेवले आहेत. ते राहतला द्यावेत.

कलम ६. बानाबाई मुंजाबा गडदे, राहणार वर सांगितलेली वाडी. ती माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी. मी वाचून दाखवायचे तेव्हा ती दारात बसून ऐकायची. ऐकता ऐकता तिला कातळ आवडू लागला. मी विचारले, त्या मंद माणसात काय आहे? ती म्हणाली, “मास्तरीनबाई, सात जन निघाले की मागं कोन चालतंय ते बघा. कळप पुढच्यानं जात नसतो. लंगडं कोकरू मागच्याच्या खांद्यावर असतंय.” त्यानंतर मी सगळे अंक पुन्हा काढून पाहिले. जखमी झालेला प्रत्येकजण खरेच कातळच्या खांद्यावर होता. मी शिक्षिका असून मला ते दिसले नव्हते.

कातळ कमी बोलतो, म्हणून त्याचे फुगे लहान असतात. बानाबाईने वाचायला सुरुवात तिथून केली. तिने स्वतः वाचलेले पहिले वाक्य होते, ‘मी मागे आहे.’ ते वाचायला तिला अख्खी दुपार लागली. वाचून झाल्यावर तिने नवऱ्याला, मुंजाबाला, हाका मारून बोलावले आणि पुन्हा वाचून दाखवले. मुंजाबा म्हणाला, “व्हय, पन जेवायला काय हाये?” तरी तो तिथेच बसून राहिला.

नोव्हेंबर १९८१ चा त्र्याऐंशीवा अंक शेवटचा ठरला. त्यात बोगदा कोसळतो. सहाजण बाहेर पडेपर्यंत कातळ छत तोलून धरतो. शेवटच्या चित्रात तो एकटा आत आहे आणि खाली छापले आहे, ‘पुढे काय झाले? वाचा अंक ८४.’ चौऱ्याऐंशीवा आलाच नाही. छापखाना बंद पडला. सहा खंड बांधून झाले होते. सातव्याचे अकरा अंक अब्बांनी शिकंज्याजवळ ठेवून दिले. म्हणाले, आ जाएगा, तब बांधेंगे.

मग माझी बदली गंगापूर तालुक्यात झाली. तरी बानाबाई शहरात आली की शहागंजात घरी यायची आणि दारातूनच विचारायची, “निघाला का कातळ?” मी म्हणायचे, “अजून नाही.” दोन वर्षे असे चालले.

१९८३ च्या हिवाळ्यात ती आली तेव्हा अब्बांना जाऊन महिना झाला होता. मी तिला ते सांगितले नाही. ती दारात उभी राहिली, चेहरा उतरलेला होता, तिकडे माझे लक्ष नव्हते. तिने नेहमीचे विचारले. मी म्हटले, “बानाबाई, तो मेला. छत अंगावर आलं की माणूस मरतो. अंक येणार नाही आणि तो निघणार नाही. आता विचारू नकोस.”

ती मागे फिरली. चहा ठेवला होता, तो न घेता गेली. तेव्हा मुंजाबा घाटीच्या सरकारी दवाखान्यात भरती होता. घाटात कड्यावरून पडून त्याची पाठ मोडली होती आणि ती तिथूनच चालत आली होती. हे तिने मला सांगितले नव्हते. चौथ्या दिवशी मुंजाबा गेला. मला ते दोन महिन्यांनी कळले. मी वाडीवर गेले, तर ती मेंढरांकडे निघून गेली. पुन्हा गेले, तर दार लावून घेतले. तिसऱ्यांदा जायची माझी हिंमत झाली नाही.

बावीस वर्षे आम्ही बोललो नाही.

कलम ७. चौऱ्याऐंशीवा अंक. २००५ साली, उन्हाळ्याच्या सुट्टीत, भर दुपारी बानाबाई या घराच्या पडवीत येऊन उभी राहिली. केस पांढरे झाले होते. हातात शंभर पानी वही होती. बसायच्या आधीच म्हणाली, “त्यो कसा निघाला, ते मला कळलं.”

झाले असे होते की तिची एक मेंढी घाटात दगडाखाली अडकली. चार माणसे दगड वरून ओढत होती आणि मेंढी जास्तच दबत होती. बानाबाईने सगळ्यांना थांबवले आणि मेंढीच्या पायाखालची माती उकरायला लावली. मेंढी हळूहळू खाली सरकून बाहेर आली. त्याच दिवशी तिने वही विकत घेतली.

त्या वहीत पेनाने काढलेला, लिहिलेला पूर्ण अंक आहे, त्रेचाळीस पानांचा. सगळ्यांचे पाय एकाच दिशेला आहेत. निद्रेला नथ आहे. कातळ लोकरीच्या पोत्यासारखा दिसतो. गोष्ट अशी: सहाजण परत येतात आणि कातळला वरून ओढू लागतात. मास्तर शिट्टी वाजवून त्यांना थांबवतो. मग अंगार माती भाजून भुसभुशीत करतो, भिरभिर ती उपसते, कर्णिका कान लावून छत कुठे तडकतेय ते सांगते, पारा फटीत शिरून टेकू होतो, निद्रा घाबरलेल्या कातळला थोडा वेळ झोपवते. कातळ झोपेतच खाली सरकतो आणि बाहेर येतो. शेवटच्या पानावर सगळे घरी निघाले आहेत आणि आज मागे चालतोय मास्तर.

मी वाचून संपवले. वही मिटून मांडीवर ठेवली. बानाबाईच म्हणाली, “तुमच्या बोलन्यानं मुंजाबा मेला नाय. मला तवाच ठावं व्हतं. पन राग कुनावर तरी काढायचा व्हता, अन् तुमी समोर व्हत्या.”

मग मी तिला अब्बांचे सांगितले. तिने विचारले, “तवा सांगाया काय झालतं?”

“तू तरी कुठे सांगितलंस?”

“व्हय,” ती म्हणाली, “दोगी बी अंगारच.” आणि चहा मागितला.

अब्बांची हत्यारे काढून सातवा खंड मी स्वतः बांधला, शेवटी बानाबाईची वही घालून. वहीतल्या शुद्धलेखनाला मी हात लावलेला नाही. फार जड गेले.

कलम ८. पुण्याच्या संग्राहकाविषयी. गेल्या वर्षी गयासने एका गृहस्थांना घरी आणले. ते जुन्या चित्रकथा जमवतात. पांढरे हातमोजे घालून त्यांनी सातही खंड पाहिले. म्हणाले, असा सलग संच कुठेच उरलेला नाही, काय मागाल ते द्यायला तयार आहे. सातव्या खंडाशी येऊन थांबले. “ही शेवटची वही काढावी लागेल. कोणीतरी भर घातलेली दिसते.” त्यांनी उतरवलेले हातमोजे मी त्यांच्या हातात दिले आणि रिक्षा मिळेपर्यंत फाटकात सोबत केली. गयास चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने सातवा खंड मागून नेला आणि सकाळी परत आणून दिला. एवढेच म्हणाला, “फुफी, वो आदमी को पढना नई आता था.” उपकार मानायचे झाले, तर या वाक्याबद्दल मी गयासचे मानते.

कलम ९. <s>वरील सातही खंड, संच न फोडता, माझ्या पश्चात बानाबाई मुंजाबा गडदे हिला द्यावेत. हे माझ्या मालमत्तेच्या एक तृतीयांशात बसते आणि गयासची हरकत नाही.</s>

हे कलम मी स्वतः खोडले आहे. कारण खालीलप्रमाणे.

मंगळवारी वकील बद्रीनाथ घरी आले होते. सह्यांसाठी शेजारचे रामकिसन यांनाही बोलावले होते. बानाबाई सकाळच्या एसटीने कन्नडहून आली. मी सगळे वाचून दाखवले. तिने चष्मा लावला आणि विचारले, “मी सही कुटं करू?”

वकील म्हणाले, “आजी, तुम्हाला यातून मिळणार आहे. ज्याला मिळतं त्यानं साक्षीला राहू नये, उगाच शंका काढतात लोक.”

“म्हंजी बाईच्या कागदावर माजी सही नाय?”

“नाही, आजी.”

तिने कागद हातात घेऊन कलम नऊ पुन्हा स्वतः वाचले, ओठ हलवत. मग माझ्याकडे वळली. “अन् हे मला कवा मिळनार? तुमी मेल्यावर?”

“मृत्युपत्र आहे, बानाबाई. तसंच असतं.”

“मला पंचाहत्तर झाली. तुमी कवा मरता ते बघत बसू का मी? अन् मी आदी मेले तर?” तिने कागद खाली ठेवला. “मला यातून काढा. वाडीच्या शाळंत आता दोन खोल्या हायेत, कपाट हाये, कुलूप हाये. आत्ताच द्या, हातात.”

“मग मी इथे काय वाचू?”

“तुमी बी चला की. जीप दारातून जाती. म्हैन्यातनं आठ दिस ऱ्हावा. पोरांला धड्डाम कोन शिकवनार, मी? माजं जोडाक्षर अजून चुकतंय.”

मी वकिलांकडे पाहिले. ते कपाळ चोळत म्हणाले, “आज बक्षीस म्हणून देऊन टाकले, तर मृत्युपत्राचा त्यांच्याशी संबंध उरत नाही. मग त्यांची सही चालेल.”

काल, बुधवारी, सातही खंड बानाबाईसोबत कन्नडच्या जीपमध्ये चढले. गयासने दुकान बंद ठेवून ते पोत्यांत गुंडाळून दिले आणि ड्रायव्हरला तीनदा सांगितले, घाट सावकाश चढव. ड्रायव्हर म्हणाला, “भाई, कन्नडच्या अलीकडं घाट कुठाय?” गयास म्हणाला, “तो भी सावकाश.” वाडीवर आता एकोणतीस पोरे आहेत. आज सहीसाठी परत आलेली बानाबाई सांगते, पहिला खंड काल संध्याकाळपर्यंत वाचायला गेलेला होता आणि कोणाकडे आहे ते कोणी सांगेना. मला बरे वाटले.

कलम १०. रिकामे झालेले लाकडी कपाट गयासला द्यावे. माझ्या दफनासाठी वडिलांशेजारची जागा पाहावी, आणि तिथे जागा नसली तर जिथे असेल तिथे. मी वाडीवर असताना मला काही झाले, तर धावपळ करून रात्री शहरात आणू नये. सकाळी आणावे. पोरांना सुट्टी देऊ नये.

हे सर्व मी लिहिले, वाचले आणि मला मान्य आहे. सोमवारपासून आठ दिवस मी वाडीवर आहे. टपाल गयासने घ्यावे.

ठिकाण: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १९ सप्टेंबर २०२४

(सही) शेख ताहेरा शेख कमरोद्दीन

वारस म्हणून वाचले, हरकत नाही. मधुमालती राहू देईन.
(सही) शेख गयास शेख मोहियोद्दीन

साक्षीदार १: (सही) रामकिसन, निवृत्त रेल्वे कर्मचारी, शेजारी, मुकुंदवाडी. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: (सही) बानाबाई मुंजाबा गडदे. समदं मी सोता वाचलं. जागोजाग वाढवून लिवलंय. पन बाई शुद्दीवर हायेत.